गणपतीत भुरीचं दूध तोडलं नाही

आमच्या वाडीत गाय व्यायली की आधी आठवतो खरवस, मग वासरू. गुहागरकडच्या या वाडीत बातमी पोचायला वेळ लागत नाही, आणि बातमीमागून रिकामी वाटी येतेच.

मिरग लागून तीन आठवडे झाले होते. पावसाने झोडपलेल्या रात्री अडीचच्या सुमारास तांबू व्यायली. तांबू जर्सी संकरित. पाडी झाली, तिचं नाव भुरी. आदल्या वर्षीची पाडी दीड महिन्यात गेली होती. पोट माठासारखं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. ती आईला पिते आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो. धार काढून झाल्यावर तिच्यासाठी सडात किती उरतं, हे मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून या वेळी मापून पाजायचं ठरवलं होतं.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं, गोणपाटाने अंग खसाखसा पुसलं आणि चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, पाजायला बसले. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "अगो, जार तरी पडू दे. आणि एवढा चीक पाजलास तर हगवण लागेल तिला."

जार, म्हणजे वार, पडायला कधी आठ-दहा तास लागतात. चिकातली रोगाशी लढणारी द्रव्यं वासराच्या आतड्यातून रक्तात जायची वाट मात्र तासागणिक बंद होत जाते, 24 तासांत जवळजवळ मिटते. छातीचा घेर आणि लांबी फितीने मोजून वजन काढलं तर 24 किलो आलं. दिवसाला वजनाचा दहावा भाग, म्हणजे अडीच लिटरच्या आसपास. तेवढा चीक सकाळपर्यंत भुरीच्या पोटात गेला. तांबूचा चीक त्याहून बराच जास्त होता, त्यामुळे खरवसही झाला आणि वाट्याही भरून गेल्या. भांडण फुकटचं.

बादलीतून प्यायला शिकवणं हा खरा घाम काढणारा भाग. दोन बोटं दुधात बुडवून तिच्या तोंडात द्यायची, ती चोखू लागली की हात हळूहळू खाली न्यायचा. वासराला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे बोटांना नुसती खरखरीत जीभ आणि वरची घट्ट हिरडी लागते. पहिले दोन दिवस नाकपुड्या दुधात बुडवून बुडबुडे काढायची आणि शिंकून माझं तोंड धुवायची. तिसऱ्या दिवशी बोटं काढून घेतली तरी पीत राहिली.

मग मी शहाणपणा केला. अठराव्या दिवशी दूध वाचवायला म्हणून दुपारची पेज पाजली. माणसाला चालते, मग हिला का नको? दुसऱ्या दिवशी शेपटी पिवळ्या पाण्याने माखलेली. पशुवैद्यक आले ते हसलेच. एवढ्या लहान वासराकडे भात पचवणारे रस पुरेसे नसतात. पोटाच्या चौथ्या कप्प्यात दूध जातं तेवढंच त्याला पचतं. दूध चालू ठेवून मध्ये मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलं. पंधराव्या दिवशी जंताचं औषध झालंच होतं, ते सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला द्यायचं.

खालची जमीन कोरडी ठेवणं हे आषाढात वेगळंच काम. पोफळीच्या खोडाच्या पट्ट्या ठोकून वर पेंढा घातला. दुसऱ्या आठवड्यापासून मक्याचा भरडा, भुईमूग पेंड, गव्हाचा कोंडा, मीठ आणि खनिज मिश्रण एकत्र करून समोर ठेवत होते, शेजारी पाणी. सुरुवातीला नाकाने उडवायचीच. दूध पिऊन झालं की ओल्या तोंडाला चिमूटभर चोळायचं, ती युक्ती लागू पडली. नुसत्या पेंढ्याने पोट फुगतं, कोठा, म्हणजे चारा पचवणारा पोटाचा मोठा कप्पा, तयार होत नाही. तो होतो भरड्याने. गेल्या वर्षीचा माठ आता कळला.

गणपतीत खरी परीक्षा झाली. मुंबईहून चौदा माणसं आली आणि चहाला दूध पुरेना. भुरी 68 दिवसांची होती. सासूबाई म्हणाल्या, "आता तोड तिचं दूध, चांगली खाते की." पण खाण्याची पाटी मी रोज तागडीत धरत होते, खाणं अर्धा किलोच्या वर जात नव्हतं. सलग तीन दिवस एक किलो खाल्लं की मगच तोडायचं, असं मी ठरवलं होतं. दिरांना पिशवीचं दूध आणायला पाठवलं. चहा पाणचट झाला, ते त्यांनी सात दिवस ऐकवलं.

83 व्या दिवशी किलो झाला, 85 पर्यंत टिकला. संध्याकाळचं दूध आधी बंद केलं, सकाळचं आठवड्याने अर्धं, मग तेही बंद. दोन संध्याकाळी गोठ्यातून हंबरत राहिली. तिसऱ्या दिवशी बादली रिकामी दिसताच पाटीकडे वळली आणि भरड्यात तोंड घातलं. फीत लावली तर 58 किलो.

सासूबाईंनी तो आकडा कोळशाने गोठ्याच्या दारावर लिहिला, 24 च्या खाली.