बायकोच्या खुनाचा प्लॅन आणि एका किल्लीचा हिशेब

आपल्याकडे सत्यराज म्हटलं की ‘बाहुबली’तला कटप्पा डोळ्यांपुढे येतो. तमिळ प्रेक्षकांनी त्याआधी तीसेक वर्षं त्याला वेगळ्याच रूपात पाहिलं होतं. १९८४ च्या ‘नूरावदु नाळ’मध्ये टक्कल आणि गोल चष्मा घातलेला खुनी त्याने उभा केला. (हाच सिनेमा पुढे हिंदीत माधुरी दीक्षितचा ‘१०० डेज’ झाला.) पुढच्याच वर्षी ‘सावी’ आला. त्यात बायकोचा काटा काढायला निघालेल्या नवऱ्याची गोष्ट आहे. सोबत सरिता. के. बालचंदर यांच्या ‘मरो चरित्र’मधून आलेली ही ताकदीची नटी समोर असल्यावर बायको नुसती ‘बळी’ म्हणून उरत नाही. ‘सावी’ म्हणजे किल्ली, आणि गोष्टीचा सगळा डोलाराही तिच्यावरच उभा आहे.

मूळ सांगाडा फ्रेडरिक नॉट यांच्या १९५२ च्या ‘डायल एम फॉर मर्डर’ या नाटकाचा. हिचकॉकने १९५४ साली त्यावर सिनेमा केला. पुढे मूळ कथेची सगळी गुपितं फुटणार आहेत. ज्यांना ती नको असतील त्यांनी आधी सिनेमा पाहावा.

खुनी कोण, हा इथे प्रश्नच नाही. पहिल्या अर्ध्या तासात नवरा सगळा बेत स्वतःच्या तोंडाने सांगतो. आपण बघत राहायचं ते एवढ्यासाठी, की इतका चोख बेत फसणार कुठे? त्यामुळे अशा सिनेमात धक्क्यापेक्षा हिशेबाला महत्त्व असतं. एक आकडा चुकला की प्रेक्षक हातातून सुटला.

मूळ बेत असा. नवरा निवृत्त टेनिसपटू, पैसा बायकोचा, आणि बायकोचं एका लेखकाशी प्रेमप्रकरण. नवरा कॉलेजच्या काळातल्या एका भामट्याला हेरतो, त्याचे जुने धंदे उकरून त्याला कोंडीत पकडतो आणि १००० पौंड देऊ करतो. ही रक्कम त्याने बँकेतून वर्षभर थोडी थोडी काढून साठवलेली असते. खुनाच्या रात्री तो बायकोच्या पर्समधली किल्ली काढून बाहेर जिन्यावरच्या गालिच्याखाली ठेवतो आणि बायकोच्या त्याच प्रियकराला घेऊन पार्टीला जातो. साक्षीदार म्हणून याहून सोयीचा माणूस कोण मिळणार! भामटा त्या किल्लीने आत शिरून पडद्याआड लपतो. अकराला फोन वाजतो, बायको उठून फोनपाशी येते, मागून स्कार्फचा फास पडतो. काम झालं की भामट्याने रिसीव्हरमध्ये शीळ घालायची, बागेकडचं दार उघडं टाकायचं आणि पसार व्हायचं. पोलिसांना वाटेल की चोर बागेतून आला.

आता फसतं कुठे ते पाहा. नवऱ्याचं घड्याळ बंद पडतं. मग फोनच्या खोलीत आधीच कोणीतरी असतं. इकडे भामटा कंटाळून निघायच्या बेतात. हा भाग नशिबाचा झाला, आणि पटकथेत नशीब एकदाच वापरायचं असतं. नॉटने ते फक्त उशीर करायला वापरलं आहे, बेत मोडायला नाही. बेत मोडतो तो नवऱ्याच्याच हाताने. बायको त्या रात्री सिनेमाला जाणार असते. तिने घरी थांबावं म्हणून तो आपल्या जुन्या सामन्यांची कात्रणं वहीत चिकटवायचं काम तिच्या गळ्यात मारतो. कात्रणं म्हटली की कात्री आली. गळ्याला फास बसल्यावर तिच्या हाताला तीच कात्री लागते आणि मरतो भामटा.

नवरा फोनवर हे सगळं ऐकत असतो. ‘कशाला हात लावू नकोस, मी आलोच,’ एवढं सांगून तो घर गाठतो आणि उभ्या उभ्या दुसरा बेत रचतो: बायकोलाच खुनी ठरवायचं. प्रियकराचं चोरलेलं पत्र तो प्रेताच्या खिशात सरकवतो, म्हणजे मेलेला माणूस तिला ब्लॅकमेल करत होता असं दिसेल. पाऊस पडून बाग ओली झालेली, पण मृताच्या बुटांना त्या चिखलाचा मागमूस नाही. म्हणजे तो पुढच्या दाराने आला, म्हणजे बायकोनेच त्याला आत घेतलं. पहिल्या बेतातलं वैगुण्य दुसऱ्या बेताचा पुरावा झालं. माझ्या मते नाटकातली सगळ्यात हुशार जागा हीच, किल्लीच्याही वर.

किल्लीचं गणित मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावं असं आहे. किल्ल्या तीन: नवऱ्याची, बायकोची आणि मेलेल्या माणसाची स्वतःच्या घराची. नवरा प्रेताच्या खिशातून किल्ली काढतो आणि बायकोची समजून तिच्या पर्समध्ये टाकतो. पण भामट्याने दार उघडल्या उघडल्या गालिच्याखालची किल्ली परत जागेवर ठेवलेली असते. ‘काम झाल्यावर ठेव’ असं नवऱ्याच्या मनात, आणि त्याने ती आधीच ठेवली. त्यामुळे पर्समध्ये पडते ती परक्या घराची किल्ली. मेलेल्या माणसाजवळ त्याच्या घराची किल्लीच सापडत नाही, इथे इन्स्पेक्टरला खटकतं. मग तो सापळा लावतो. बायकोला पर्समधल्या किल्लीने दार उघडता येत नाही आणि गालिच्याकडे ती बघतही नाही, म्हणजे ती जागा तिला माहीत नाही. इन्स्पेक्टरने रेनकोटांची अदलाबदल करून नवऱ्याची किल्लीही आधीच पळवलेली. नवरा पर्समधली किल्ली लावून पाहतो, चालायला लागतो, थबकतो आणि परत येऊन गालिचा उचलतो.

एकूण एक गोष्ट कृतीतून कळते. नवऱ्याला कबुलीजबाब द्यावाच लागत नाही.

हे सगळं लंडनच्या फ्लॅटमधून मद्रासच्या घरात आणायचं म्हटलं की अडचणी सुरू होतात. पहिली अडचण कडीची. नाईट लॅच कितीही चांगलं असलं तरी रात्री घरात एकटी असलेली बाई आतून कडी लावणारच, मग बाहेरच्या किल्लीचा उपयोग शून्य. उपाय एका वाक्याचा: ‘मला उशीर होईल, कडी लावू नकोस, मी माझ्या किल्लीने उघडेन.’ कुठल्याही नवऱ्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य, म्हणून कानाला खटकत नाही. दुसरी अडचण माणसांची. स्वयंपाकीण, वॉचमन, सासू यांना त्या रात्री घराबाहेर काढायला पोंगलची सुट्टी चालते, पण ते कारण दोन-तीन दृश्यं आधी कानावर पडायला हवं. तिसरी, डुप्लिकेट किल्लीचा मोह. पटकथाकार ती हमखास करून घेतात आणि फसतात, कारण किल्ली करून देणारा हा आणखी एक साक्षीदार झाला. शिवाय किल्ल्या तीनच्या चार झाल्या की गोंधळ नवऱ्याचा न होता प्रेक्षकाचा होतो. आणि तिन्ही किल्ल्या दिसायला सारख्या हव्यात. एक लॅचची आणि एक कुलपाची असेल तर नवरा फसेलच कसा?

हेतूकडे तर आपले सिनेमे बघतही नाहीत. ‘श्रीमंत बापाची एकुलती एक मुलगी, ती मेली की सगळं नवऱ्याचं’ हे गृहीत धरलेलं असतं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १५(२) वेगळं सांगतं: मूलबाळ नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता नवऱ्याकडे न जाता वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे एवढा खटाटोप करून नवऱ्याच्या हातात धुपाटणं! इलाज सोपा आहे. वडिलांनी ती मालमत्ता मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने तिच्या नावे केली होती, एवढा एक संवाद टाकायचा. कलम २५ मात्र कोणालाच चुकवता येत नाही. ज्याने खून केला किंवा करवला, त्याला त्या व्यक्तीचा वारसा मिळत नाही.

कोर्टाचंही तसंच. मूळ नाटकात बायकोची फाशी दुसऱ्या दिवसावर आलेली असते आणि सगळा ताण त्या घड्याळावर चालतो. भारतात १९८५ साली हे पटवणं कठीण. एक तर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम १०० जिवावर बेतलं असता हल्लेखोराला ठार मारण्याचाही हक्क देत होतं, त्यामुळे सरकारी पक्षाला आधी तिचा बचाव मोडावा लागेल. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालानंतर फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच, आणि तीही उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. पण शेवटचा सापळा मात्र आपल्या कायद्यात मुळापेक्षा चपखल बसतो. पोलिसापुढे दिलेली कबुली तेव्हाच्या पुरावा कायदा, १८७२, कलम २५ मुळे कोर्टात चालत नव्हती. आरोपीचं वर्तन मात्र त्याच कायद्याच्या कलम ८ खाली ग्राह्य होतं. नवऱ्याने गालिचा उचलणं म्हणजे नेमकं ते वर्तन.

राहता राहिली गाणी. १९५४ साली, म्हणजे हिचकॉकच्याच वर्षी, एस. बालचंदर यांनी ‘अंद नाळ’ हा तमिळ रहस्यपट एकही गाणं न घालता केला होता, पण तो रस्ता फारसा कोणी धरला नाही. १९८५ मध्येच हिंदीत याच नाटकावरून मुकुल आनंद यांचा ‘ऐतबार’ आला. राज बब्बर नवरा, डिंपल बायको. प्रियकराला, म्हणजे सुरेश ओबेरॉयला, गझलगायक केल्यामुळे ‘किसी नज़र को तेरा’ गोष्टीत आपोआप बसलं. पण त्या बदल्यात मूळची एक जागा गेली. मुळात प्रियकर रहस्यकथा लिहिणारा असतो. तो बायकोला वाचवायला नवऱ्याला म्हणतो, ‘तूच मारेकरी ठरवला होतास असं पोलिसांना खोटं सांग,’ आणि त्याने रचलेली ती कहाणी शब्दशः खरी निघते. गझलगायकाच्या तोंडी ती कुठून येणार?