पप्पांची ओली फाईल

रविवार, २२ जून २०२५, सातारा

पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये. काल रात्री ऑफिसात, म्हणजे आमच्या पुढच्या खोलीत, पत्र्यातनं कपाटावर धार लागली आणि खालच्या कप्प्यातल्या जुन्या फायली सगळ्या भिजल्या. आज मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, आल्या आल्या कागद कॉटवर पसरले, वर फॅन लावला, आणि पप्पा खुर्चीत बसून ऑर्डरी सोडतायत, तो दावा वर ठेव, ती दरखास्त नको हलवूस, अगं टाचणी काढू नको पानं मागेपुढे होतील. वय ७४, कोर्टात जाणं बंद होऊन तीन वर्षं झाली, पण सवय काय जात नाय.

आज खरं तर थॉमस मोरचा दिवस. वकिलांचा संत. पण यंदा तो रविवारी आला आणि नेमका त्याच रविवारी ख्रिस्तशरीराचा सण, त्यामुळे फादरनी मोरसाहेबांचं नावसुद्धा घेतलं नाही. रिक्षात बसताना पप्पा म्हणाले, "वकिलाला पुढची तारीख पडली."

त्यांच्या टेबलामागे भिंतीवर दोन चित्रं आहेत, मी लहान असल्यापासून तीच. एक थॉमस मोर, इंग्लंडच्या हेन्री राजाला चर्चचा प्रमुख मानायची शपथ घेईना म्हणून १५३५ मध्ये ज्याचं मुंडकं उडवलं तो. दुसरे रामशास्त्री प्रभुणे, कुठल्यातरी कॅलेंडरातनं कापलेले. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे शास्त्रीबुवा तर आपल्या माहुलीचेच. अशील यायचे ते शास्त्रीबुवांना ओळखायचे आणि मोरकडे बघून विचारायचे, हे तुमचे वडील का. (मोरच्या डोक्यावर टोपी आहे आणि चेहरा थोडा आमच्या आजोबांसारखा आहे, त्यात त्यांची चूक नाय.)

तर भिजलेल्यांत आंटीची फाईल निघाली.

आंटी म्हणजे रिटायर्ड नर्स, एकटी, सदर बझारात दोन खोल्यांचं घर आणि मागे सीताफळाचं झाड. १९९९ ला दिवाळीनंतर ती पप्पांकडे आली आणि म्हणाली, वकीलसाहेब, माझ्यामागे घर चर्चला जाऊ दे, गरीब पोरींना शिकायला राहता येईल. पप्पांनी तिला तेव्हाच सांगितलं होतं की आंटी, भारतीय वारसा कायदा १९२५ चा, त्यात कलम ११८ आहे, ख्रिस्ती माणसाला पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचं कोणी असेल तर धर्मादायाला दिलेलं मृत्युपत्र मरणाच्या आधी किमान बारा महिने केलेलं पाहिजे, आणि केल्यापासून सहा महिन्यांत ते सरकारी ताब्यात जमा पाहिजे, नाहीतर ते दान गेलं. हिंदूंना ही अट नव्हती, मुसलमानांना नव्हती, आम्हालाच. त्यापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून टाका. आंटी म्हणाली, जिवंतपणी चावी देऊन कुठे जाऊ मी, आणि वर्षभर मरत नाही, काळजी करू नका. मृत्युपत्र झालं, वेळेत जमाही झालं, पप्पा एक्झिक्युटर, म्हणजे त्याप्रमाणे सगळं पार पाडणारे.

आणि आंटी नवव्या महिन्यात गेली.

मुंबईला तिचा एक भाचा होता, दहा वर्षांत साताऱ्याला फिरकला नव्हता. मी तेव्हा दहावीला होते, पण आमच्या पुढच्या खोलीत चर्च कमिटीची माणसं बसलेली मला अजून दिसतात. कोणी वाईट नव्हतं त्यात. सगळ्यांचं म्हणणं एकच, त्या पोराला ११८ काय माहीत, आपण कशाला सांगायचं, घर चर्चचंच आहे आंटीच्या मनात. तुम्ही फक्त गप्प बसा वकीलसाहेब. गप्प बसा, एवढंच. पप्पांनी दुसऱ्या दिवशी टायपिस्टला बसवून भाच्याला पत्र धाडलं. कलम, तारखा, सगळं लिहून.

भाचा आला, घर विकून चार महिन्यांत परत गेला. सीताफळ तोडलं. आता तिथे खाली मोबाईलचं दुकान आहे.

त्या नाताळला आमच्याकडे करंज्या-शंकरपाळ्यांची दोनच ताटं आली, एरवी टेबल पुरायचं नाही. मिस्सा झाल्यावर आवारात चहा असतो, तर पप्पांच्या हातात कोणी कप देईना. पप्पा म्हणायचे, मोरचं डोकं गेलं, शास्त्रीबुवांनी नोकरी सोडली, माझा फक्त चहा गेला, स्वस्तात सुटलो. मम्मीला हा जोक अजिबात आवडत नव्हता कारण बायकांच्या मंडळात बोलणी तिला खायला लागत होती.

गंमत म्हणजे तीच माणसं संध्याकाळी मागच्या दाराने यायची. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव आणि शाळेत दुसरं, त्याचं अॅफिडेव्हिट. कुणाचा सातबारा. पोरांच्या जातीच्या दाखल्याची रडारड, कारण १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती झालं की एससी सवलत गेली, घरची गरिबी मात्र तशीच. पप्पा सगळ्यांचं करायचे. फी म्हणजे भुईमुगाच्या शेंगा, एखादा भोपळा. आठ वाजले की मात्र पेन खाली, "चला, जपमाळ," अशील बसलेला असला तरी. जपमाळ कोटाच्या त्याच खिशात असायची ज्यात कोर्ट फी स्टँप, आणि पावसाळ्यात मण्यांना स्टँप चिकटायचे. मी आणि धाकटा भाऊ हसू दाबून प्रणाम मारिया म्हणायचो.

२००३ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने ११८ रद्द केलं. केरळच्या एका फादरनी केस नेली होती, कोर्ट म्हणालं हे समानतेच्या विरुद्ध आहे. पेपरांनी समान नागरी कायद्याबद्दलच्या दोन ओळींवर मथळे केले, ११८ कोणाच्या लक्षातही आलं नाही. पप्पांच्या आलं. बार रूममधून आले, गाऊन खुंटीला अडकवला आणि जेवायला बसले ते भात नुसता चिवडत राहिले. मी म्हणलं, बघा, कायदाच चुकीचा होता. तर म्हणाले, ते मलाही माहीत होतं गं, पण आंटी गेली तेव्हा तो होता.

आता मी स्वतः बावीस वर्षं... नाही, सतरा वर्षं काळा कोट घालतेय, आणि खरं सांगू, मला अजून वाटतं की ते पत्र वर्षभर उशिरा टाकलं असतं तर काय आकाश कोसळणार नव्हतं. हे त्यांना कधी बोलले नाही. आज बोलले, कागद सुकवता सुकवता. ऐकू आलं नसल्यासारखं केलं त्यांनी, मशीन कानात असून.

मग हात पुढे केला. त्या पत्राची कार्बन कॉपी दिली, कडा ओल्या, शाई जांभळी पसरलेली. चष्मा कपाळावरनं खाली घेऊन त्यांनी ते सावकाश पूर्ण वाचलं, दोनदा. टेबलावरची पेन्सिल मागितली.

"मृत्युपत्रातला यु ऱ्हस्व पाहिजे," म्हणाले, "ह्याने दीर्घ मारलाय." आणि पंचवीस वर्षांपूर्वी धाडलेल्या पत्रात दुरुस्ती करून कागद परत फॅनखाली ठेवायला दिला.