त्याची पिशवी, त्याचे टाळ

आमच्या दिंडीत 120 माणसं असतात, कधी दहा कमी, कधी दहा जास्त. गावातून निघून आम्ही रायमोह्याला पैठणच्या एकनाथ महाराजांच्या पालखीत मिळतो आणि पंढरपूरपर्यंत मागच्या रांगांत चालतो. पायाच्या फोडांचं काम सहा वर्षं एकाच पोराकडं होतं. या जानेवारीत तो गेला. वय 26. नाव लिहीत नाही, त्याच्या आईला ते रुचणार नाही. तेराव्याला त्या माउलीनं त्याची खाकी पिशवी आणि टाळ आमच्यापुढं ठेवले. म्हणाली, "ह्याचं काय करायचं ते तुम्हीच बघा रे पोरांनो." म्हणून यंदाच्या वारीचं सांगायचं तर पिशवीपासूनच सांगावं लागतं.

पिशवीत काय होतं ते आधी सगळं खाली ओतून मोजलं. सिरिंजच्या सीलबंद सुया, स्पिरिटची बाटली, आयोडीनचं मलम, गॉझ, इंचभर रुंदीची चिकटपट्टी, कात्री, पेट्रोलियम जेलीचा डबा, ओआरएसच्या पुड्या, साबणाची वडी आणि एक जुना पंचा. पंचा कशाला, हे दुसऱ्या मुक्कामाला कळलं. पाय धुऊन तो कोरडा पुसला नाही तर चिकटपट्टी धरतच नाही, आणि दिंडीत कोरडं फडकं मागून मिळत नाही.

फोडाचं त्याचं शास्त्र पक्कं होतं. बारीक, न दुखणाऱ्या फोडाला हातच लावायचा नाही. मोठा आणि टेकवत नसेल असाच फोडायचा. पाय साबणानं धुवायचा, पुसायचा, फोडावर आणि भोवती स्पिरिट लावायचं. नव्या सुईनं फोडाच्या कडेला, खालच्या अंगाला दोन भोकं पाडायची आणि गॉझनं हळू दाबून पाणी काढायचं. वरची कातडी ओढायची नाही, तीच खरी पट्टी असते. मग मलम, गॉझ, चिकटपट्टी. पट्टी बोटाभोवती गोल आवळायची नाही, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो आणि बोट काळंनिळं पडतं. एका माणसाला एक सुई. ती परत पिशवीत नाही, झाकणाच्या प्लास्टिक डबीत.

म्हातारी माणसं फोडात सुईदोरा ओवून दोरा आतच ठेवतात. पाणी निथळत राहतं हे खरं, पण त्याच दोऱ्यावरून चिखलही आत जातो आणि तिसऱ्या दिवशी पू होतो. यावरून त्याची दरसाल भांडणं होत. यंदा ती आमच्या वाट्याला आली आणि निम्मी आम्ही हरलो. साखरेच्या पेशंटचा फोड मात्र कुणीच फोडायचा नाही, त्याला सरळ आरोग्य पथकाकडं धाडायचं. त्याला पायाला दुखत नाही म्हणून तो चालत राहतो, धोका तोच आहे.

फोड येतात ते बहुतेक नव्या चपलेनं आणि ओल्या मोज्यानं. चपल महिनाभर आधी घ्यावी आणि रानात वापरून मऊ करावी. सकाळी निघताना टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला जेली चोळावी. मांड्या घासतात हे बाया लाजून सांगत नाहीत आणि चौथ्या दिवशी चालणंच बंद होतं. म्हणून जेलीचा एक डबा बायांच्या राहुटीत वेगळा ठेवायचा. पाऊस झाला की डांबर सोडून कडेच्या काळ्या मातीत उतरू नये. दहा पावलांत एकेका पायाला किलोभर चिखल लागतो आणि घोटा मुरगळतो.

रायमोह्याहून पाटोद्याकडं बालाघाटाचा चढ लागतो. पाऊस लांबलेला असला की तिथं माणसं बसतात. ओआरएसची मोठी पुडी एका लिटरला एक. अर्धी पुडी अर्ध्या लिटरला असा हिशोब करू नये, पुडीतली क्षारं सारखी मिसळलेली असतीलच असं नाही. पुड्या संपल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा, दोन्ही सपाट. मीठ अंदाजानं टाकणारा हात त्यात घालू देऊ नये. माणूस बरळायला लागला किंवा अंग तापून कोरडं पडलं तर पाणी पाजत बसायचं नाही. सावली, ओला पंचा, वारा आणि तोवर 108 ला फोन.

टँकरचं पाणीही तोच बघायचा. हजार लिटरला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर 5 ग्रॅम, म्हणजे आमच्या पाच हजारांच्या टँकरला 25. पावडर थेट टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. मग क्लोरीन तपासायच्या ओटी औषधाचे थेंब टाकून बघायचं, पिवळं झालं की प्यायला मोकळं. यंदा पहिल्या दिवशी पिवळं झालंच नाही. पोतं उघडं राहिलेलं होतं आणि दमट हवेत क्लोरीन उडून गेला होता. पुढच्या गावात ग्रामपंचायतीतून नवी पावडर घेतली. आता 25 ग्रॅमच्या भागाच्या झाकणबंद प्लास्टिक डब्या घरूनच भरून न्यायच्या असं ठरलंय.

आता फ्लेक्सचं. पोरांनी त्याच्या फोटोचा तीन बाय दोनचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स करून आणला आणि सामानाच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर बांधला. छान दिसत होता. पहाटे साडेचारला दिंडी निघाली तेव्हा मी मागं थांबून बॅटरी मारली. फ्लेक्सच्या डोळ्यांवर उजेड पडला, बाकी सगळा अंधार. उजेडात चमकणारी लाल रिफ्लेक्टर पट्टी फ्लेक्सखाली गेली होती.

तो गेला तो असाच. रात्री दुचाकीवरून येताना उसाची ट्रॉली रस्त्यावर उभी होती. ट्रॉलीला पट्टी होती, पण मोळ्यांचे शेंडे फाळक्यावरून लोंबत होते आणि पट्टी त्यांच्याआड होती.

फ्लेक्स तिथल्या तिथं उतरवला. दोघं-तिघं नाराज झाले, थोडी वादावादीही झाली. शेवटी तो राहुटीच्या आत, विण्याच्या मागं लावला.

रिफ्लेक्टर पट्टीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण लावलेल्या पट्ट्यांपैकी अर्ध्या कामाच्या नसतात. दोन इंची पट्टी घ्यायची. मागं लाल, पुढं पांढरी, बाजूंना पिवळी. गंजलेल्या पत्र्यावर ती आठ दिवसांत सुटते. आधी पॉलिश पेपरनं घासायचं, रॉकेलनं तेलकटपणा काढायचा, मग कोरडं पुसून लावायची. खिळ्यावर, बोल्टवर ताणून चिकटवली की तिथून पाणी शिरतं, म्हणून बोल्टभोवती कापायची. ताडपत्रीची झालर पट्टीवर येता कामा नये. वळकट्या आणि ओली धोतरं मागं वाळत घालायची खोड सगळ्या दिंड्यांना आहे, तीही मोडायची. आणि रोज पहाटे निघण्याआधी ओल्या फडक्यानं चिखल पुसायचा. लागतं एकच मिनिट, पण ते कुणाच्या तरी अंगावर टाकावं लागतं, नाहीतर कुणीच पुसत नाही. मागच्या रांगेतल्या दहा जणांच्या पाठीला वीतभर पट्टी शिवली. पताकांच्या काठ्यांनाही गुंडाळली.

टाळांना फार वेळ लागला. काशाचे टाळ टिकतात, पण दोरी जाते, आणि ती भोकाच्या काठावरच झिजते. त्यानं दोरी बाहेरून आत ओवून पोटात गाठ मारली होती आणि गाठीखाली चपलेच्या कातड्याची चकती घातली होती, पैशाएवढी, मधोमध भोक पाडलेली. तीमुळं धातूची धार दोरीला लागत नाही. दोरी घामानं काळी पडली होती. बदलायला हवीच होती, पण चकती तीच ठेवली. नवी दोरी दोन दिवस ओली करून, ताणून वाळवली, नाहीतर पहिल्याच पावसात सैल पडते आणि टाळ भदभद वाजतात. ते टाळ आता त्याच्या चुलत भावाकडं आहेत. पोरगा पंधरा वर्षांचा आहे, पारगाव घुमऱ्याच्या रिंगणापर्यंत त्याचा ठेका पुढं पळत होता.

मराठवाड्यातल्या माणसाला मित्राचं मरण वारीत नवं नाही. परंपरेनं नामदेव आमच्या नरसीचे. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये समाधी घेतली तेव्हा ते 21 वर्षांचे होते आणि नामदेव त्यांच्याहून पाचेक वर्षांनी मोठे. समाधीच्या अभंगांत ते मित्रासाठी उघड रडले आहेत. पण चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाखाली दबून गेले, तेव्हा नामदेव तिथं गेले आणि हाडं वेचून पंढरीला आणली असं सांगतात. ढिगाऱ्यात आपल्या माणसाची हाडं ओळखून काढायची, हे अभंग रचण्याहून वेगळं काम.

परांड्यानंतर फोड कमी झाले, पाय राठ होतात. अरणला सावता महाराजांपाशी एका दिवसात फक्त चार पट्ट्या लागल्या. करकंबला शेजारच्या दिंडीच्या दोन ट्रॉल्या उघड्या दिसल्या, त्यांना पट्ट्या लावून दिल्या. त्यांनी विचारलं, सेवा कुणातर्फे? पोरांनी त्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

पंढरपुरात नामदेव पायरीपुढं चोखोबांच्या समाधीशी गर्दीत जेमतेम टेकता आलं. मुक्कामाला येऊन पिशवी पुन्हा ओतून मोजली. गॉझचे तीन रोल उरले, सुया अकरा, स्पिरिट बोटभर. पंचा फाटला. लाल पट्टी करकंबलाच संपली होती, पुढच्या साली दोन रोल जास्त घ्यायचे.