पान सरकेना

लॅपटॉपचं अपडेट झालं. वॉलपेपर नवा, आयकॉन जरा गुबगुबीत. बाण हलतो, क्लिक लागतं, पण पान काही सरकत नाही. टचपॅडवरून दोन बोटं कितीही ओढा, बातमीचा मथळा ढिम्म.

अशा वेळी घरातले सगळे तज्ज्ञ होतात. पॅड पूस, हात कोरडे कर. सल्ला अगदीच टाकाऊ नाही म्हणा. टचपॅडला दाब कळत नाही. बोट आलं की खालच्या तारांच्या जाळीतला विद्युतभार किंचित बदलतो, तोच बदल तो मोजतो. ओल्या बोटाने म्हणूनच तो बावचळतो आणि नखाला दाद देत नाही. पण बाण नीट पळतोय म्हटल्यावर पॅडकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता.

खरं तर स्क्रोल पॅडमध्ये नसतोच. पॅड एवढंच कळवतो, की दोन बोटं अमुक जागी आहेत आणि तमुक दिशेला निघालीत. ‘म्हणजे याला पान सरकवायचंय’ हे ठरवतो ड्रायव्हर, म्हणजे पॅड आणि संगणक यांच्यातला दुभाषा प्रोग्राम. नव्या अपडेटमधल्या ड्रायव्हरला पॅडची ओळखच पटली नाही, तर बिचारा पॅड जुन्या ‘पीएस/२’ माऊसच्या नावावर नांदतो. लिनक्स या संगणक-प्रणालीवर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून उपकरणांची यादी मागवली, तर तिथे टचपॅडचं नाव गायब आणि त्याच्या जागी ‘जेनेरिक माऊस’. पीएस/२ ही आयबीएमची १९८७ ची संगणक-मालिका. तिच्या माऊसला हालचाल आणि बटणं एवढंच सांगता यायचं. माऊसला चाक असणं रुळलं ते १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस आल्यावर. ज्याला चाकच ठाऊक नाही, तो पान कसलं सरकवणार!

इलाज मात्र किरकोळ निघाला. लिनक्समध्ये ‘पीएसमाऊस’ नावाचं मॉड्यूल, म्हणजे तो ड्रायव्हरच, काढायचं आणि परत घालायचं. विंडोजवाल्यांनी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर परत आणून पाहावा.

पान सरकलं, पण उलटं! अपडेटने जाता जाता दिशाही बदलून ठेवली होती. हा वाद ॲपलने २०११ मध्ये ‘लायन’ या मॅकच्या प्रणालीत लावून दिला: बोट जाईल तिकडे मजकूर जावा. त्याआधीचा हिशेब रहाटाचा, दोर खाली ओढला की बादली वर. मी रहाटवाला. बायको मोबाईलवर वाढलेली नसली तरी मोबाईलवर रुळलेली, म्हणून तिला मजकूर बोटाबरोबरच हवा. एकाच लॅपटॉपवर आता दोघांची वेगळी खाती आहेत, खरं कारण एवढंच. पाहुण्यांना मात्र आम्ही प्रायव्हसी असं सांगतो.

लेक या भानगडीत पडत नाही. ती सरळ स्क्रीनवरच बोट फिरवते. आमची स्क्रीन टचची नाही, हे तिला मान्य नाही.