कायम तिसरी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा मेसेज आला तेव्हा आधी वाटलं आपण काय लिहिणार, कारण शाळेच्या बोर्डावर माझं एकटीचं नाव कधी लागलंच नाही, लागलं ते चौघींचं मिळून आणि त्यातही मी तिसरी. फ्रीस्टाइल रिलेत, म्हणजे चौघींनी एकामागून एक पोहायच्या शर्यतीत, तिसरी म्हणजे कोण हे पोहणाऱ्यांना सांगावं लागत नाही. पहिली चांगली स्टार्ट घेणारी, शेवटची सगळ्यात फास्ट, मधे उरलेल्या दोघी आणि त्यातली जरा मागे पडणारी बऱ्याचदा तिसरी. शाळेपासून सीनियर टीमपर्यंत मी तिथेच. गंमत म्हणजे एकटीने १०० मीटर पोहताना फायनलला जेमतेम पोचायचे, पण रिलेतून मला कोणी काढलं नाही, ते फक्त चेंजओव्हरमुळे, म्हणजे आधीची भिंतीला लागताच पुढचीने उडी मारायची त्या क्षणामुळे.

हे पी.टी.च्या सरांचं देणं. सर स्वतः फार पोहणारे नव्हते, त्यांचा सगळा जीव स्टॉपवॉचमध्ये. दम वाढायला वर्ष जाईल, भिंतीजवळचं आज शिका, असं म्हणून बाकीचे लांबच लांब सेट मारत असताना आम्हाला ब्लॉकवर, म्हणजे उडी मारायच्या चौथऱ्यावर, उभं करायचे, आम्ही वैतागायचो. पण हिशोब साधा होता. बझरवर उडी मारायची तर आवाज ऐकून ब्लॉक सोडेपर्यंत सेकंदाचे सहा-सात दशांश जातात, रिलेत समोरून येणारी दिसत असते त्यामुळे तेच एक-दोन दशांशांवर आणता येतं. तीन चेंजओव्हर धरा, सेकंदापेक्षा जास्त फायदा झाला की नाही!

लेनच्या तळाची काळी पट्टी भिंतीच्या दोन मीटर अलीकडे आडव्या रेघेने संपते. येणारीचं डोकं त्या रेघेवर आलं की आपले हात गोल फिरवत पुढे आणायचे, अंग पाण्याकडे झुकलेलं, पायाचे अंगठे मात्र ब्लॉकला धरून, आणि तिची बोटं भिंतीवरच्या टायमिंग पॅडला लागली की सुटायचं. इलेक्ट्रॉनिक टायमिंगमध्ये ०.०३ सेकंद आधी सुटलं तरी चालवून घेतात, त्याच्या पुढे गेलात की एकीमुळे चौघी बाद. यात येणारीनेही शेवटचे हात श्वास न घेता पूर्ण लांब मारायला हवेत. आमची दुसऱ्या नंबरवाली कधी लांब हात टाकायची, कधी भिंतीशी अर्धाच, मग माझ्या अंदाजाचं वाटोळं.

सरांचा अजून एक नियम, सगळ्या टीमचं पोहून होईपर्यंत कोणी पाण्यात उडी मारायची नाही. २००१ च्या फुकुओका वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ४×२०० मीटर रिलेला ऑस्ट्रेलियाच्या मुली पहिल्या आल्या, आनंदात पाण्यात उतरल्या तेव्हा बाकीच्या टीम अजून पोहत होत्या, झालं, बाद! गोल्ड ब्रिटनला. सर हे इतक्यांदा सांगायचे की आम्ही जिंकलो तरी कडेला खांबासारख्या उभ्या.

रिले पोहणाऱ्याचं करिअर तसं विचित्रच असतं. वैयक्तिक रेकॉर्डसाठी फक्त पहिल्याची वेळ धरतात, बाकी तिघांची नाही, कारण ते बझरवर नाही, चेंजओव्हरच्या उडत्या स्टार्टवर निघालेले. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४×१०० ला ऑस्ट्रेलियाच्या सलिव्हनने पहिल्या लेगला, म्हणजे टप्प्याला, ४७.२४ सेकंद मारलं आणि टीम तिसरी येऊनही तो वर्ल्ड रेकॉर्ड झाला, त्याच रेसमध्ये जेसन लेझॅक शेवटी ४६.०६ पोहला, फ्रान्सच्या बर्नार्डला गाठून अमेरिकेला ०.०८ सेकंदांनी गोल्ड मिळवून दिलं, पण ती वेळ रेकॉर्डमध्ये नाही. लेझॅक सगळ्यांना आठवतो, पहिला फेल्प्स होता हेही आठवतं. मी मात्र तो व्हिडिओ अमेरिकेच्याच कलेन जोन्ससाठी बघते. तो तिसरा. ४७.६५, चौघांत सगळ्यात स्लो, त्याच्याच लेगमध्ये फ्रान्स पुढे गेलं, म्हणून लोक त्याला विसरतात. अहो, पण ०.०८ ने जिंकलेल्या रेसमध्ये त्याने अजून एक दशांश घालवला असता तर लेझॅकचं ते पोहणं सिल्व्हरचं ठरलं असतं!

आम्ही चौघी अजून ग्रुपवर आहोत. दुसरीचं अजूनही म्हणणं की मी दरवेळी लवकर सुटायचे आणि पंचांचं लक्ष नसायचं, माझं म्हणणं की तिचा हात अर्धा पडायचा. तेव्हाचा एकही व्हिडिओ कोणाकडे नाही, त्यामुळे सर समारंभाला आले की त्यांनाच विचारायचं ठरलंय.