तुम्ही विचारलंत म्हणून: छत कापलं काय?

स्टेटसला गाडीचा फोटो टाकला की अर्ध्या तासात कुणीतरी विचारतंच, अहो परवा तर हिला छत होतं, आज दिसत नाही, कापलं काय? पेट्रोल पंपावर विचारतात, एका लग्नात तर नवरदेवाच्या मामांनी हातात अक्षता घेऊन विचारलं. तर एकदाच सगळं सांगून टाकतो.

हो, कापलं होतं. मी नाही, माझ्याआधी कुणीतरी. गाडी 1966 ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, आणि माझ्याकडे येण्याआधी ती वरातीला भाड्याने जायची. नवरा-नवरी मागच्या सीटच्या पाठीवर उंच बसलेली दिसावीत म्हणून कुणीतरी हॅक्सॉने खांब कापून छत काढून टाकलेलं, वर ताडपत्रीचा टप, आणि कापलेल्या जागी लांबीचा (पत्र्याचे खड्डे बुजवायच्या लगद्याचा) असा थर की नखाने उकरला तर वडीच्या वडी हातात येत होती.

आता गंमत ऐका. हेराल्डचं छत मुळात बोल्टवर असतं!

त्याचं असं झालं, 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉड्या बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतला, मग अख्खी बॉडी एका जागी बनवून घेणार कुठून, म्हणून त्यांनी वेगळी चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) ठेवली आणि वरची बॉडी तुकड्या-तुकड्यांत बोल्टने जोडायची असं ठरवलं. मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाने चित्र काढलं, 1959 मध्ये ‘ट्रायम्फ हेराल्ड’ नावाने गाडी आली, आणि त्याच सांगाड्यावर त्यांनी बंद गाडी, कूपे, कापडी टपाची उघडी गाडी, सगळं विकलं. आपल्याकडे 1961 पासून मद्रासला बनायला लागली, नाव फक्त ट्रायम्फचं स्टँडर्ड झालं. थोडक्यात काय, ज्या छतासाठी त्या भल्या माणसाने पाती मोडली ते पान्याने निघत होतं. पाना इंची लागतो एवढंच, आपले मिलिमीटरचे घातले की नट गोल होतो, हे मला तीन नट गोल केल्यावर कळलं.

कापलेल्या खांबांचे खुंट मागे तसेच बोल्टवर बसलेले होते. दोन दिवस डिझेल सोडून, गरम करून ते काढले आणि मग छताचा शोध सुरू झाला. भंगारवाले पालथे घातले. शेवटी सांगलीकडे एका शेतकऱ्याकडे मिळालं, विहिरीवरच्या मोटारीला पावसापासून झाकायला ठेवलेलं. मोटारीचं छत मोटारीवर! पैसे नको म्हणाले, पण मोटारीवर काहीतरी टाका, म्हणून चार नवे पत्रे नेऊन दिले.

आता माझी चूक. चासीच्या बाजूला जे हात बाहेर येतात, ज्यांच्यावर बॉडी टेकते, ते गंजून पापड झालेले, म्हणून बॉडी उचलायची होती. मिस्त्रीमामा म्हणाले, दाराच्या चौकटीत आधी आधाराला लोखंडी अँगल मार, मग उचल. मी म्हटलं कशाला, चासी वेगळी आहे ना. बॉडी म्हणजे पुढचा आणि मागचा असे दोन भाग, सीटखाली बोल्टने जोडलेले, आणि वरून धरून ठेवायला छत नाही, मग मधे ती वाकणार नाही तर काय! परत ठेवली तर डावं दार वर घासतंय, खाली बोट जातंय. दोन महिने गेले ते दार लावण्यात. बॉडी आणि चासीच्या मधे वॉशर घालायचे, दार लावून बघायचं, परत काढायचे, परत घालायचे. मामा एक शब्द बोलले नाहीत, फक्त कोपऱ्यात पडलेल्या अँगलकडे बघून चहा प्यायचे.

इंजिनाचं मात्र फार काही झालं नाही, 948 सीसीचं छोटं मशीन, सिलिंडरचा ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर करून आणला, आणि या गाडीवर काम करणं म्हणजे सुख आहे कारण बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि तुम्ही चक्क पुढच्या टायरवर बसून कार्बोरेटर खोलू शकता. जॅक लावला की मागची चाकं आत मुडपतात, ते बिघाड नाही, सस्पेन्शनच तसं आहे, त्याबद्दल फोन करू नका.

मग उघडी गाडी हवी होती तर छत परत कशाला, हा पुढचा प्रश्न. एक तर आरसीवर ती बंद गाडी आहे. आणि 2021 मध्ये जुन्या गाड्यांचे नियम आले, 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर बॉडी, चासी, इंजिन मूळ रूपात लागतं. कापलेल्या छताला तिथे माफी नाही. (नोंद अजून केलेली नाही, कारण मग फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठीच बाहेर काढता येते, आणि मला रविवारी रंकाळ्याला भेळ खायला जायचं असतं.) पण खरं सांगू का, मला ते कापलेले खुंट बघवत नव्हते.

म्हणून रस्त्यावर कायम छत लावूनच. मेव्हण्याच्या रानात गेलो की बोल्ट काढतो, दोघं मिळून छत शेडमध्ये ठेवतो आणि उसातल्या वाटेने उघडी फिरवतो. परवा तसंच फिरताना वळवाचा पाऊस आला, छत अर्धा किलोमीटर लांब शेडमध्ये, मेव्हण्याने खताची दोन रिकामी पोती काढली आणि दोघंही डोक्यावर खोळ घेऊन, वायपर चालू ठेवून, हळूहळू परत आलो. तुम्ही ज्या फोटोवरून विचारलंत तो त्याच दिवशीचा.