सॅन डिएगो ते एन्सेनादा: सहकुटुंब मेक्सिकोत गाडी नेताना

मेक्सिकोत स्वतःची गाडी घेऊन जाण्याचा बेत सॅन डिएगोतील आमच्या मराठी मित्रमंडळींना सांगितला, तेव्हा निम्म्यांनी आम्हाला वेड्यात काढले आणि उरलेल्यांनी टाको कुठे खावेत याची यादी पाठवली. या प्रवासातील सुरक्षिततेचा मोठा भाग सीमा ओलांडण्यापूर्वी, घरी बसून कागदपत्रे चाळतानाच ठरतो, हे मात्र कोणीच सांगितले नाही.

महाराष्ट्राच्या सहापट क्षेत्रफळाचा देश सुरक्षित आहे की नाही, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. अमेरिकेचे परराष्ट्र खाते मेक्सिकोच्या प्रत्येक राज्यासाठी वेगळी सूचना देते. युकातान पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य श्रेणीत येते, तर तामाउलिपास चौथ्या, म्हणजे ‘जाऊच नका’ या श्रेणीत. आम्हाला जायचे होते ते एन्सेनादा शहर बाहा कॅलिफोर्निया राज्यात आहे आणि आम्ही गेलो तेव्हा ते राज्य तिसऱ्या श्रेणीत होते. सूचनेचा तपशील नीट वाचून आम्ही काही गोष्टी पक्क्या केल्या: सीमेलगतच्या तिहुआना शहरात रेंगाळायचे नाही, समुद्राकाठच्या टोलरस्त्यानेच जायचे आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचायचे.

माझ्या सासूबाई पर्यटक व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या आणि त्याही सोबत येणार होत्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीकडे अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी मात्र एक बारकावा लक्षात ठेवावा. पासपोर्टावरील व्हिसाची मुदत संपली असली, तरी मेक्सिकोतील ३० दिवसांपर्यंतच्या वास्तव्यानंतर वैध आय-९४च्या, म्हणजे अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीच्या आधारे, काही अटींवर, अमेरिकेत परतण्याची तरतूद आहे. परंतु मेक्सिकोत व्हिसाविना शिरण्यासाठी तोच व्हिसा वैध असावा लागत असल्याने केवळ या तरतुदीच्या भरवशावर निघणे शहाणपणाचे नाही. ज्येष्ठांसाठी भारतातून घेतलेला आरोग्य विमा मेक्सिकोत लागू होतो का, हेही पाहावे. आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलांसह जाणार असेल, तर दुसऱ्याचे नोटरीकृत संमतिपत्र जवळ असलेले बरे.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते गाडीच्या विम्याकडे. अपघातात दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाईसाठी मेक्सिकोत परवानाधारक मेक्सिकन कंपनीचाच विमा ग्राह्य धरला जातो. अमेरिकेतील पॉलिसी कितीही महाग असली, तरी तिचा तेथे या बाबतीत उपयोग नाही. गंभीर अपघातानंतर दोष कोणाचा आणि भरपाईची ऐपत आहे का, हे स्पष्ट होईपर्यंत पोलीस चालकाला ताब्यात ठेवू शकतात. म्हणून कायदेशीर मदत आणि जामीन यांचा समावेश असलेली पॉलिसी आम्ही आधीच घेतली आणि तिची छापील प्रत गाडीत ठेवली. गाडी कर्जावर असल्यास वित्तसंस्थेची, तर भाड्याची असल्यास त्या कंपनीची लेखी परवानगी लागू शकते. बाहा द्वीपकल्पात गाडीसाठी तात्पुरता आयात परवाना लागत नाही; मुख्य भूमीवर आत खोलवर जायचे असेल, तर सामान्यतः तो लागतो. आणि गाडी एखाद्या शिकारीची हौस असलेल्या मित्राकडून उसनी घेतली असेल, तर डिकीचा कानाकोपरा तपासा. बंदूक तर सोडाच, विसरून राहिलेले एखादे काडतूसही मेक्सिकोत तुरुंगाची वाट दाखवू शकते.

सॅन डिएगोच्या सान इसिद्रो या सीमानाक्यावर मेक्सिकोकडे जाताना गाड्या इतक्या सहज पुढे सरकतात की पासपोर्ट न दाखवताच माणूस तिहुआनात पोहोचतो. तरीही प्रवेशाचा अर्ज भरून शिक्का घेणे आवश्यक आहे. त्यासाठी आम्ही ‘जाहीर करण्याजोगे सामान’ असलेल्यांच्या मार्गिकेत शिरलो आणि तपासणीच्या जागी गाडी लावून कार्यालयात गेलो. सात दिवसांपर्यंतच्या वास्तव्यासाठी जमिनीच्या मार्गाने येणाऱ्यांना त्याचे शुल्क पडत नाही.

पुढे सीमेच्या कुंपणालगत तिहुआनाच्या प्लायास या समुद्रकाठच्या भागाच्या दिशेने गेल्यावर टोलरस्ता लागतो. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग आहेत, तसेच तेथे ‘कुओता’ आणि ‘लिब्रे’. पहिल्यावर पैसे मोजावे लागतात, पण रस्ता रुंद असतो आणि वर्दळही राहते. एन्सेनादापर्यंतचे अंतर साधारण १०० किलोमीटर असून टोलनाक्यांवर पेसोंप्रमाणे डॉलरही चालतात. शेवटच्या टप्प्यात रस्ता थेट समुद्रावरच्या कड्यांवरून जातो. डिसेंबर २०१३मध्ये याच भागातील रस्त्याचा एक तुकडा खचून खाली गेला होता आणि दुरुस्तीला बरेच महिने लागले होते. तेथील सागरदर्शन मागे बसलेल्यांनी घ्यावे. चालकाने थांब्यावर उतरून मनसोक्त पाहावे. गाडी बंद पडल्यास ०७८ हा क्रमांक फिरवावा. पर्यटन खात्याच्या हिरव्या गाड्यांतील ‘आंखेलेस व्हेर्देस’ पथके महामार्गांवर मदत करतात. पोलीस किंवा रुग्णवाहिकेसाठी तेथेही ९११ हाच क्रमांक आहे.

अंधारात गाडी चालवू नये, यामागे लुटारूंपेक्षा साधी कारणे अधिक आहेत. शहराबाहेर दिवे नसतात, गुरे रस्त्यावर येतात आणि गावाच्या तोंडाशी असलेले ‘तोपेस’, म्हणजे गतिरोधक, कित्येकदा रंगवलेलेही नसतात. पुढच्या ट्रकने डावा दिवा लुकलुकवला, तर तो ‘पुढे जा’ असे सांगत असतो किंवा खरोखरच डावीकडे वळत असतो. मी अशा वेळी मागेच राहिलो.

पेट्रोल पंपावर कर्मचारीच इंधन भरतो. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी डिझेलच्या नळीची मूठ हिरवी असते. मेक्सिकोत हिरवा रंग साध्या पेट्रोलचा आणि काळा डिझेलचा. मी खाली उतरून आकडा शून्यावर असल्याची खात्री केली, रक्कम पेसोंत सांगितली आणि नोटा त्याच्या हातावर मोजून ठेवल्या. त्यानेही हसून त्या पुन्हा मोजल्या.

परतीच्या वाटेवर लष्कराची तपासणी चौकी लागली. जेमतेम विशीतल्या एका जवानाने कुठून आलात, कुठे चाललात, एवढे विचारून डिकी उघडायला लावली आणि सासूबाईंचा थालीपीठांचा डबा उचलून नाकाशी नेला. बंदूकधारी माणूस डब्याचा वास घेत आहे, हे पाहून त्यांना आधी धास्ती आणि मग हसू आले. अशा वेळी हात दिसतील असे ठेवावेत, विचारल्याशिवाय चित्रण करू नये आणि तपासणी चालू असताना एकाने बाहेर उभे राहून सामानावर नजर ठेवावी. वाहतूक पोलिसाने जागेवरच रोख दंड मागितला, तर शांतपणे लेखी पावती मागावी आणि दंड कार्यालयात भरण्याची तयारी दाखवावी.

शाकाहारींसाठी एक सूचना: राजम्यासारख्या घोटलेल्या घेवड्याच्या दाण्यांत बहुधा डुकराची चरबी असते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, तेव्हा विचारूनच मागवावे. नळाचे पाणी कोणीही पिऊ नये.

अमेरिकेत परतताना फळे व मांस यांवर निर्बंध असल्याने जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ अधिकाऱ्याला सांगावा. आंबे आणि पेरू आम्ही सीमेपूर्वीच संपवले. सीमेवरील मार्गिका आधीच निवडून ठेवावी, कारण पूर्वनोंदणी केलेल्यांच्या सेंट्री मार्गिकेत नोंदणीविना शिरल्यास दंड होऊ शकतो. सुट्टीच्या संध्याकाळी रांग काही तास हलत नाही. तेव्हा तीत शिरण्यापूर्वी टाकी निम्म्याहून अधिक भरलेली असावी आणि मुलांना व ज्येष्ठांना स्वच्छतागृहात नेऊन आणावे.